संकल्पातली वर्षं आणि सूर्यातला हायड्रोजन

"ताई, मी इंदूरला एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीत बडोद्याहून आतेभाऊ आला होता. तो समाजशास्त्रात संशोधन करतो. तो म्हणाला, महास्फोट काय, डार्क मॅटर काय, या सगळ्या सत्ता ज्यांच्या हातात आहे त्यांनी रचलेल्या कथा. पुराणात एक कथा, तुमच्या पुस्तकात दुसरी. आजोबांना ते इतकं पटलं की लगेच म्हणाले, ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचं वय ४५४ कोटी, म्हणजे आपल्या ऋषींना हे ठाऊकच होतं. मी चिडून 'पोथीतल्या गप्पा' असं म्हणाले. तेव्हापासून आजोबा या विषयावर माझ्याशी बोलत नाहीत. पण मला जास्त त्रास याचा होतो की त्या आतेभावाला, म्हणजे दादाला, उत्तर देणं मला जमलं नाही. विश्व किती वेगानं प्रसरण पावतं ते सांगणाऱ्या हबल स्थिरांकाचे दोन आकडे जुळत नाहीत, विश्वाचा ९५ टक्के भाग कशाचा आहे ते कुणालाच माहीत नाही, न्यूटन चुकला, उद्या आइन्स्टाइनही चुकेल. आम्ही वर्गात नुसती सूत्रं सोडवतो. मग पीएच.डी.ची पाच वर्षं कशासाठी घालवायची? एका गोष्टीच्या जागी दुसरी गोष्ट लिहायला?"
— एक विद्यार्थिनी, इंदूर

प्रिय मुली,

आजोबांपासून सुरुवात करते. तिथलं दुखणं ताजं आहे, आणि तुझ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तरही तिथेच आहे.

आजोबा पूजेला बसले की संकल्प म्हणत असतील: श्वेतवाराहकल्पे, वैवस्वत मन्वंतरे, अष्टाविंशतितमे युगचतुष्के, कलियुगे प्रथमचरणे. आपण काळात नेमके कुठे उभे आहोत, ते यात सांगितलेलं असतं. याचा हिशेब मांडला तर चालू कल्प, म्हणजे ब्रह्मदेवाचा चालू दिवस, सुरू होऊन सुमारे १९७ कोटी वर्षं झाली असं निघतं. ४३२ कोटी ही ब्रह्मदेवाच्या पूर्ण दिवसाची लांबी आहे, आणि तो दिवस अजून अर्धाही सरलेला नाही. पृथ्वीच्या वयाशी ताडून पाहायचंच तर परंपरेतला १९७ चा आकडा घ्यायला हवा, आणि तो ४५४ च्या जवळ येत नाही. आजोबांना हे गणित येत असेल तर त्यांनाच करायला सांग. तू करून दाखवलंस तर तो वाद होईल, त्यांनी केलं तर विचार होईल.

हे मी त्यांना हरवण्यासाठी सांगत नाही. युरोपात विद्वान माणसं सृष्टी सहा हजार वर्षांची मानत होती, तेव्हाही आपल्याकडे लोक कोटींच्या भाषेत काळाचा विचार करत होते. ती झेप मोठीच आहे आणि तिचा अभिमान वाटावा अशीच आहे. पण दोन आकडे कसे आले ते बघ. ४३२ कोटी म्हणजे ४३ लाख २० हजार वर्षांचं एक महायुग आणि अशी एक हजार महायुगं. हा आकडा चुकला तर तो चुकला हे कळणार कसं, याची कुठलीही सोय त्यात नाही. आता दुसरा आकडा. १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी उल्कांमधल्या शिशाची समस्थानिकं मोजली. युरेनियमचं शिसं ठराविक गतीनं होतं, म्हणून शिशाच्या प्रकारांच्या प्रमाणावरून वय काढता येतं. त्यांचं उत्तर आलं ४५५ कोटी वर्षं, सात कोटी इकडे किंवा तिकडे. या 'इकडे किंवा तिकडे'ला फार किंमत आहे. कुणीही दुसरी उल्का घ्यावी, युरेनियम सोडून रुबिडियम घ्यावं, वेगळ्या देशातल्या वेगळ्या उपकरणावर मोजावं. उत्तर ३०० कोटी आलं असतं तर पॅटरसन उघडे पडले असते. लोकांनी हे सगळं केलं. आकडा तिथेच राहिला.

म्हणजे गोष्ट दोन्हीकडे आहे, पण दुसरी गोष्ट खोटी ठरण्याची पूर्ण संधी देऊन सांगितलेली आहे. माझ्या मते सगळा फरक इथे आहे, आणि तो आजोबांना परका वाटायचं कारण नाही. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे जुन्या ग्रंथांवरून केलेलं ग्रहगणित आणि प्रत्यक्ष आकाश यांच्यात अंतर पडलं होतं. पंचांगात ग्रह एका जागी, आकाशात दुसऱ्या. तेव्हा केरूनाना छत्रे, पुढे लोकमान्य टिळक, व्यंकटेश बापूजी केतकर यांनी आग्रह धरला की पंचांगानं आकाशाशी जुळलं पाहिजे. ग्रंथ आणि आकाश यांच्यात मतभेद झाला तर ग्रंथ सुधारायचा. धर्मकृत्यांसाठी पंचांग वापरणारी श्रद्धावान माणसंच हे म्हणत होती. आजोबांना यांची नावं नक्की माहीत असतील.

या पंचांगांच्या वादातच दादासाठीही एक उत्तम उदाहरण आहे. आकाशाशी जुळवायचं हे ठरल्यावरही भांडण मिटलं नाही, कारण राशिचक्राचा आरंभ कुठून धरायचा हा प्रश्न उरला. टिळक पंचांग रेवती तारा धरून चालतं, दाते पंचांग चित्रा तारा धरून. म्हणून कधीकधी दोघांचे अधिकमास वेगळे येतात आणि एकाच घरात दोन दिवाळ्यांची चर्चा होते. १९५५ च्या अहवालात भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या पंचांग सुधारणा समितीनं चित्रेच्या बाजूनं कौल दिला, तरी रेवती पक्ष 'चुकला' असं म्हणता येत नाही. शून्य कुठे ठेवायचं हे माणसांनी आपसात ठरवायचं असतं. तिथे परंपरा, सत्ता, सोय, हट्ट, सगळं काम करतं. पण २२ जुलै २००९ ला सकाळी खग्रास ग्रहणाचा पट्टा सुरत, बडोदा, इंदूर, भोपाळ असा गेला, तो रेवतीवाल्यांसाठी वेगळा आणि चित्रावाल्यांसाठी वेगळा गेला नाही. पावसाळ्यातले ढग असोत नसोत, सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान अंधार व्हायचा तो झालाच. तू तेव्हा फार लहान असशील. आजोबांना विचार, त्यांना आठवत असेल.

दादा जे म्हणतो ते रेवती-चित्रेच्या बाबतीत पूर्ण खरं आहे आणि ग्रहणाच्या बाबतीत खरं नाही. भौतिकशास्त्रात दोन्ही प्रकारच्या गोष्टी असतात. एकक कुठलं, निर्देशांक कुठून मोजायचे, कणाला नाव काय द्यायचं, कुठल्या प्रश्नावर सरकारनं पैसा घालायचा, कुणाला दुर्बिणीवर वेळ द्यायचा: हे समाज ठरवतो. त्यावर समाजशास्त्रज्ञांनी लिहिलंच पाहिजे. दादाचं काम फालतू आहे असं मनात आणू नकोस.

सत्तेची कथा हा त्याचा मुद्दा मात्र मी एका खऱ्या प्रसंगावर घासून बघणार आहे, कारण तो त्याला आणि तुला दोघांनाही उपयोगी पडेल.

१९२० मध्ये कलकत्त्याला असलेल्या साहांनी, त्याच मेघनाद साहांनी, एक समीकरण मांडलं. तापलेल्या वायूतले किती अणू इलेक्ट्रॉन गमावून बसलेले असतील, ते तापमान आणि दाबावरून त्यानं काढता येतं. तू ते सांख्यिकीय भौतिकीत सोडवलं असशीलच. साहा ढाक्याजवळच्या खेड्यातल्या गरीब दुकानदाराचे चिरंजीव, जातीपायी अपमान सोसलेले, गुलाम देशाचे नागरिक. पाच वर्षांनी अमेरिकेत हार्वर्ड वेधशाळेत सेसिलिया पेन नावाच्या पंचवीस वर्षांच्या मुलीनं ते समीकरण ताऱ्यांच्या वर्णपटांना लावलं. तोपर्यंत समज असा होता की सूर्य साधारण पृथ्वीच्याच घटकांचा बनलेला आहे, कारण सूर्याच्या वर्णपटात लोखंडाच्या रेषा ढीगभर दिसतात. पेनच्या गणितात निघालं की त्या रेषा ठळक आहेत त्या तापमानामुळे. लोखंड तिथे फारसं नाहीच. हायड्रोजन मात्र धातूंच्या तुलनेत जवळजवळ दहा लाख पट आहे.

त्या काळचे अमेरिकेतले सर्वांत वजनदार खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांनी तिला कळवलं की हे अशक्य आहे. तिनं प्रबंधात लिहूनही टाकलं की हायड्रोजनचं हे प्रमाण जवळजवळ नक्कीच खरं नाही. तिच्या हातात आकडा होता आणि तो खरा नाही असं तिला स्वतःच्याच हातानं लिहावं लागलं. दादाच्या सिद्धांताला यापेक्षा चांगला पुरावा कुठे मिळणार? सत्ता, लिंगभेद, प्रतिष्ठा, सगळं एका वाक्यात आहे. हार्वर्डनं तिला प्राध्यापकपद दिलं ते थेट १९५६ मध्ये.

पण गोष्ट इथे थांबत नाही, आणि दादा ती इथेच थांबवेल. १९२९ मध्ये रसेल वेगळ्या वाटेनं त्याच उत्तरावर येऊन पोचले. त्यांनी ते छापलं, पेनच्या कामाचा उल्लेख केला, आणि सूर्य हायड्रोजनचा आहे हे जगानं मान्य केलं. त्या चार वर्षांत सत्ता कुणाची बदलली होती? रसेल तसेच वजनदार होते, पेन तशीच डावललेली. वसाहतीतल्या एका माणसाचं समीकरण आणि वेधशाळेतल्या एका मुलीचं गणित यांच्यापुढे त्या क्षेत्रातली सगळ्यात मोठी सत्ता वाकली, कारण सूर्याच्या प्रकाशातल्या रेषा रसेलना विचारून पडत नव्हत्या. समाजानं सत्य चार वर्षं दाबलं, हे खरं. ते सत्य समाजानं बनवलेलं नव्हतं, हेही तितकंच खरं. दादानं यातलं पहिलं वाक्य घेतलं आणि दुसरं सोडलं तर त्याला पेनवर झालेला अन्याय अन्याय आहे असं म्हणायचाही हक्क राहत नाही. दोन्ही कथाच असतील तर रसेलची कथा पेनच्या कथेपेक्षा वाईट का?

हे त्याला जरूर विचार. हळू आवाजात विचार.

आता 'न्यूटन चुकला'. हे वाक्य फार सैलपणे वापरलं जातं, आणि तू इंदूरला राहतेस म्हणून ते तपासायला तुला लांब जायला नको. कॅट रोडच्या टोकाला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन आहे. सुमारे १७२ मीटर घेराचं एक वर्तुळ आणि त्यात २५० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन. न्यूटनच्या सूत्रात ही ऊर्जा घाल आणि वेग काढ. कागदावर दोन मिनिटांचं काम आहे. प्रकाशाच्या वेगाच्या जवळजवळ ९९ पट येईल. आइन्स्टाइनच्या सूत्रानं काढ, प्रकाशापेक्षा सेकंदाला फक्त सहा-एक मीटर कमी येईल. इलेक्ट्रॉन त्या वर्तुळात सेकंदाला १७ लाखांहून जास्त फेऱ्या मारतात, आणि प्रत्येक फेरीत गमावलेली ऊर्जा त्यांना नेमक्या क्षणी परत द्यावी लागते. फेरीचा वेळ ९९ पट चुकला असता तर ते यंत्र एक क्षणभरही चाललं नसतं. इंदूरच्या कडेला रोज क्ष-किरण देणारं हे यंत्र सापेक्षता सिद्धांतावर विसंबून उभं आहे. कुणाला कथा आवडते की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही.

आणि त्याच केंद्राच्या फाटकाबाहेर रस्त्यावरून जाणाऱ्या स्कूटरसाठी न्यूटनचं सूत्र आजही बिनचूक आहे, कारण वेग कमी झाला की आइन्स्टाइनच्या सूत्रातून न्यूटनचंच सूत्र बाहेर येतं. जुना सिद्धांत जातो तेव्हा त्याचं काय जातं आणि काय राहतं हे बघायला शीक. कार्नो यांनी १८२४ मध्ये इंजिनाच्या कार्यक्षमतेची मर्यादा काढली तेव्हा ते उष्णतेला वाहणारा पदार्थ समजत होते. तो पदार्थ कुठेच नाही. मर्यादा तशीच आहे, आणि तू परीक्षेत ती सिद्ध करतेस. आइन्स्टाइनही एक दिवस अपुरा ठरेल, बहुधा कृष्णविवराच्या पोटात किंवा विश्वाच्या अगदी आरंभी. इंडस-२ मधले इलेक्ट्रॉन त्या दिवशीही प्रकाशापेक्षा सेकंदाला सहा मीटर मागेच असतील.

आता विश्वशास्त्र. इथे तुझी शंका रास्त आहे, आणि तुझ्या पुस्तकांची एक चूक मला दिसते: ती सगळं एका सुरात सांगतात. पृथ्वी फिरते आणि विश्वाच्या आरंभी प्रचंड वेगानं प्रसरण झालं, ही दोन विधानं ती एकाच आवाजात म्हणतात. त्यांची पक्केपणाची पातळी एक नाही. 'विश्वशास्त्र खरं की गोष्ट' असा ठोक प्रश्न विचारशील तर उत्तर मिळणार नाही. एकेक विधान हातात घ्यावं लागेल.

विश्व एकेकाळी तापलेलं आणि दाट होतं, हे घे. १९४८ मध्ये अल्फर आणि हर्मन यांनी म्हटलं की तसं असेल तर त्या उष्णतेचा अवशेष आजही सगळीकडे असला पाहिजे, निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे पाच अंश. १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांनी ती 'पार्श्वभूमी प्रारणं' सापडल्याचं जाहीर केलं. ते दोघं या प्रारणांचा शोध घेत नव्हते, त्यांना आपल्या अँटेनातला आवाज घालवायचा होता. १९९० मध्ये कोबी (COBE) उपग्रहानं या प्रारणांचा वर्णपट मोजला तेव्हा तो तप्त वस्तूच्या आदर्श आलेखावर तंतोतंत बसला, तापमान २.७ अंशांच्या आसपास. आधी सांगितलं, मग सापडलं, शोधणाऱ्यांना ते नको असताना सापडलं. मी हे विधान पक्कं मानते.

डार्क मॅटर घे. आकाशगंगांमधले तारे ज्या वेगानं फिरतात तेवढं दृश्य वस्तुमान तिथे नाही, हे मोजलेलं आहे. कुठल्यातरी अज्ञात कणामुळे हे होतं, हा अंदाज आहे. अनेक पुरावे त्याच दिशेला जातात, पण कण अजून कुणाच्या हाती लागलेला नाही. आरंभीच्या प्रचंड प्रसरणाची कल्पना यापेक्षा कच्ची. आणि आपल्यासारखी असंख्य विश्वं आहेत हे विधान, ज्यांच्यापर्यंत आपण कधीच पोचू शकत नाही, त्याला मी आज तरी भौतिकशास्त्र म्हणणार नाही. तिथे दादा जिंकला असं समज.

जयंत नारळीकरांचं उदाहरण मराठी माणसाला सांगायला नको, पण या संदर्भात आठव. ते शेवटपर्यंत महास्फोटाच्या प्रचलित चित्राशी सहमत नव्हते. केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्याबरोबर आणि पुढे पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करतानाही त्यांनी पर्यायी सिद्धांत मांडला, त्यात सुधारणा केल्या, निरीक्षणांना तोंड दिलं. बहुतेक शास्त्रज्ञांना त्यांचं म्हणणं पटलं नाही, मलाही पार्श्वभूमी प्रारणांचा पुरावा त्यांच्या विरुद्ध जातो असंच वाटतं. पण याच माणसानं मराठीत विज्ञानकथा लिहिल्या आणि शोधनिबंधही लिहिले. आपण कधी कथा लिहितो आहोत आणि कधी सिद्धांत, याचा घोळ त्यांनी कधी होऊ दिला नाही. कथेला त्यांनी वाचक दिले, सिद्धांताला दुर्बिणी.

आणि हबल स्थिरांक. पार्श्वभूमी प्रारणांवरून तो येतो ६७ च्या आसपास (किलोमीटर प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक), अंतर मोजायला वापरले जाणारे सेफीड तारे आणि सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होणारे तारे, यांच्यावरून ७३ च्या आसपास. तुला हे खिंडार वाटतं. १९२९ मध्ये हबल यांचा स्वतःचा आकडा सुमारे ५०० होता. त्यावरून विश्वाचं वय येत होतं २०० कोटी वर्षं, म्हणजे पृथ्वीवरच्या खडकांपेक्षा विश्वच लहान! ही आजच्यापेक्षा कितीतरी लाजिरवाणी विसंगती होती, आणि ती कुणी झाकली नाही. १९५२ मध्ये वॉल्टर बाडे यांनी दाखवलं की सेफीड तारे दोन प्रकारचे असतात आणि आपण त्यांची सरमिसळ करत होतो. अंतरं एकदम दुप्पट झाली. पुढे आणखी चुका सापडल्या. पाचशे आणि सत्तर यांचं भांडण मिटलं, आता सदुसष्ट आणि त्र्याहत्तर यांचं चालू आहे. मनासारखी कथा रचणाऱ्यांना हे दोन आकडे केव्हाच जुळवून टाकता आले असते. वर्षानुवर्षं दोन्ही गट एकमेकांच्या मोजमापात चुका शोधताहेत आणि सापडत नाहीत म्हणून अस्वस्थ आहेत. मला यात विश्वास ठेवावा असं पुष्कळ दिसतं.

राहता राहिला तुझा निर्णय. तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तू जाता जाता लिहिलं आहेस: "आम्ही वर्गात नुसती सूत्रं सोडवतो." सूत्र मोजमापापासून तोडून शिकवलं की ते पोथीसारखंच होतं, पाठ करा, म्हणा, गुण घ्या. मग कुणी 'ही कथा आहे' म्हटलं की हातात उत्तर नसतं, आणि त्यात तुझा दोष नाही. पीएच.डी. करायची की नाही हे या अवस्थेत ठरवू नकोस. अर्ज भर, कारण तारखा कुणासाठी थांबत नाहीत, पण निवड नंतर कर. सिद्धांताच्या बाजूला जाण्याआधी निरीक्षणाच्या किंवा प्रयोगाच्या गटात काही महिने तरी घालव. इंडस-२ बघायला जाण्यासाठी विभागप्रमुखांकडून रीतसर विनंती पाठव. विद्यार्थ्यांच्या भेटी तिथे होतात.

आजोबांची माफी माग. गणिताबद्दल माघार घ्यायची नाही, शब्दांबद्दल घ्यायची. 'पोथीतल्या गप्पा' हे माणसाला लागणारं बोलणं आहे. मग त्यांच्याकडून पंचांगाचं गणित शिकून घे. तिथी कशी काढतात, ग्रहण कसं काढतात. उज्जैनची वेधशाळा तासाभराच्या अंतरावर आहे, दोघं जाऊन या.

आणि सत्राच्या प्रकल्पासाठी: पँथिऑन प्लसचा सुपरनोव्हांचा साठा कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. त्यातले जवळचे सुपरनोव्हा निवड, अंतर आणि वेग यांचा आलेख काढ आणि उतार स्वतः काढ. सेफीडवरून ठरवलेली अंतरं वापरलीस तर काय येतं, ती थोडी बदलली तर उतार किती हलतो, ते लिहून ठेव. तो कागद दादाला दाखव आणि विचार, यातली कुठली ओळ सत्तेनं लिहिली. त्यानं एखादी ओळ खरोखर दाखवली, तर ती ओळ तपासायला घे.

तुझी,
ताई